कोडिंगची किल्ली कोणाच्या हाती? जर्मन मोटारींच्या निदानयंत्रांचा इतिहास

जर्मन बनावटीच्या मोटारींसाठी स्कॅनर निवडताना गॅरेजवाल्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, म्हणजे एकच यंत्र सगळ्या गाड्यांना का चालत नाही, इंजिनाचा दोष वाचणारे यंत्र एअरबॅगपाशी का अडते, आणि नवे युनिट बसवल्यावर ते गाडीला ओळखीचे करून देणे का जमत नाही, त्यांची उत्तरे यंत्राच्या किमतीत किंवा जाहिरातीत सापडत नाहीत. ती गेल्या अर्धशतकात गाडी, कारखाना, सरकार आणि स्वतंत्र गॅरेज यांच्यात झालेल्या ओढाताणीत आहेत. या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: दोष वाचण्याची सोय कायद्याच्या रेट्याने हळूहळू सर्वांसाठी खुली होत गेली, तर गाडीची मांडणी बदलण्याचा अधिकार कारखान्याने प्रत्येक टप्प्यावर आपल्याकडे राखला. जर्मन कारखान्यांनी हा अधिकार जितक्या काटेकोरपणे जपला, तितका तो फार थोड्यांनी जपला असेल.

आधी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. गाडीतील प्रत्येक यंत्रणेचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकाला कंट्रोल युनिट किंवा ईसीयू म्हणतात. सेन्सरकडून येणारे माप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले, की हे युनिट एक क्रमांक आपल्या स्मृतीत नोंदवते आणि तो क्रमांक म्हणजे दोष-कोड. स्कॅनर हा क्रमांक वाचतो व पुसतो आणि सेन्सरची चालू मापेही दाखवतो. कोडिंग ही याहून वेगळी गोष्ट आहे. एकच युनिट अनेक प्रकारच्या गाड्यांत बसवले जात असल्यामुळे, ही गाडी स्वयंचलित गिअरची आहे की हाताच्या, तिला पावसाचा सेन्सर आहे की नाही, ती उजव्या हाताने चालवायची की डाव्या, हे त्या युनिटला सांगावे लागते, आणि हे सांगणे म्हणजे कोडिंग. युनिटमधील मूळ सॉफ्टवेअरच बदलणे याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, आणि गॅरेजांच्या बोलण्यात त्यालाच फ्लॅश मारणे हा शब्द रूढ आहे.

मोटारीत इलेक्ट्रॉनिक्स शिरले ते प्रदूषणाच्या कायद्यामुळे. कॅलिफोर्नियातील धुराच्या निर्बंधांत बसण्यासाठी फोक्सवॅगनने १९६७ मध्ये अमेरिकेत विकायच्या आपल्या १६०० या मॉडेलवर बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी यंत्रणा बसवली. तिच्यात नियंत्रक होता, पण दोषाची नोंद ठेवणारी स्मृती नव्हती, त्यामुळे मेकॅनिकला मल्टिमीटर घेऊन एकेक तार तपासावी लागे. याच कंपनीने १९७१ मध्ये एक धाडसी पाऊल टाकले. बीटल गाडीच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या तारा इंजिनाजवळच्या एका मध्यवर्ती सॉकेटमध्ये एकत्र करण्यात आल्या आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्या सॉकेटला जोडायचे एक मोठे यंत्र ठेवण्यात आले. प्रज्वलन, बॅटरी, चार्जिंग अशा गोष्टी ते यंत्र स्वतः मोजत असे. सिलिंडरमधील दाब थेट न मोजता स्टार्टर फिरताना पडणाऱ्या विद्युत भारावरून तो ताडला जाई. टायर, ब्रेक यांसारख्या ज्या गोष्टी यंत्राला दिसत नसत, त्या पाहून कारागीर होकार किंवा नकार नोंदवी आणि शेवटी सगळा निकाल कागदावर छापून मिळे. या योजनेत गाडी मुकी होती आणि संगणक वर्कशॉपमध्ये होता. ही व्यवस्था फार काळ टिकली नाही, तरी गाडीच्या तपासणीचे दार एकाच सॉकेटमध्ये असावे ही कल्पना मात्र तिथूनच रुजली.

पुढील दशकात संगणक गाडीत गेला. बॉशची अँटिलॉक ब्रेक यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-वर्गात आली, आणि १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बॉशचीच मोट्रॉनिक यंत्रणा बसली, जिच्यात इंधन आणि प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच डिजिटल युनिटकडे होते. अशा युनिटला स्वतःच्या सेन्सरवर लक्ष ठेवणे आणि बिघाड लक्षात ठेवणे शक्य होते. प्रश्न उरला तो त्याच्याकडून ही माहिती काढून घेण्याचा, आणि तिथे प्रत्येक कारखान्याने आपापली वाट धरली.

सुरुवातीची पद्धत दिव्याच्या उघडझापेची होती. अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, अ‍ॅक्सिलरेटर पाच सेकंदांत पाच वेळा तळापर्यंत दाबला की चेक इंजिनचा दिवा चार आकडी कोड लुकलुकून सांगू लागे. १२२२ म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाच्या नियंत्रणातील दोष आणि १४४४ म्हणजे कसलाही दोष नाही. ऑडीच्या काही टर्बो गाड्यांत इंधनपंपाच्या रिलेवर काही सेकंद फ्यूज ठेवून तो काढायचा, की असाच चार आकडी कोड मिळे. तिथे दोष नसल्याची खूण ४४४४ होती. मर्सिडीजच्या बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या चौकोनी जोडणीवर दिवा व बटण लावून उघडझाप मोजावी लागे आणि एकच उघडझाप म्हणजे सगळे ठीक, असा संकेत होता. या पद्धतीला यंत्र जवळजवळ लागतच नसे. एका दृष्टीने हा काळ स्वतंत्र गॅरेजांना सर्वांत मोकळा होता, कारण ज्याच्याकडे कोडची यादी होती त्याच्याकडे निदानाची सगळी सामग्री होती.

युनिटांची संख्या वाढली तेव्हा उघडझाप अपुरी पडली आणि कारखान्यांनी आपल्या अधिकृत वर्कशॉपांसाठी स्वतंत्र यंत्रे घडवली. पोर्शने ९२८ आणि ९११ या गाड्यांसाठी बॉशने बनवलेले ९२८८ हे हातात धरण्याचे यंत्र वापरात आणले. त्याच्या आकारामुळे कारागिरांनी त्याला हातोडा हे नाव दिले आणि आजही जुन्या पोर्शचे जाणकार ते त्याच नावाने ओळखतात. बीएमडब्ल्यूने बॉनेटखाली २० पिनांची गोल जोडणी दिली आणि तिच्यासाठी मोडिक, डीआयएस व पुढे जीटी१ अशी यंत्रे आणली. मर्सिडीजची गोल जोडणी ३८ पिनांची होती, कारण तिथे निरनिराळ्या युनिटांच्या तारा वेगवेगळ्या पिनांवर आणलेल्या होत्या. तिच्यासाठी आधी एचएचटी, मग स्टार डायग्नोसिस आणि अखेरीस झेन्ट्री अशी यंत्रे व सॉफ्टवेअर आले. जुन्या जर्मन गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात आजही या गोल जोडण्यांचे अडॅप्टर सांभाळून ठेवावे लागतात ते याच काळाच्या वारशामुळे.

या सर्व यंत्रांत फोक्सवॅगन समूहाचे व्हीएजी १५५१ हे यंत्र अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्याने घालून दिलेली शिस्त पुढच्या तीस वर्षांच्या साधनांत टिकली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या या यंत्राला छोटा पडदा, आकड्यांचा कळफलक आणि कागदाच्या गुंडाळीवर छापणारा प्रिंटर होता. प्रिंटर नसलेली हलकी आवृत्ती १५५२ या क्रमांकाने निघाली. कारागिराने आधी युनिटचा दोन आकडी पत्ता द्यायचा: ०१ इंजिन, ०३ ब्रेक, १५ एअरबॅग, १७ डॅशबोर्डवरील मीटर. मग कार्याचा क्रमांक द्यायचा: ०२ म्हणजे दोष वाचणे, ०५ म्हणजे पुसणे, ०३ म्हणजे पंप, वाल्व अशा भागांना एकेक करून चालवून पाहणे, ०८ म्हणजे चालू मापे, १० म्हणजे जुळवणी, ०७ म्हणजे कोडिंग आणि ११ म्हणजे गुप्त क्रमांक देऊन आत प्रवेश. ०७ निवडल्यावर पाच आकडी संख्या भरावी लागे आणि तिच्यातील प्रत्येक आकडा गाडीच्या एखाद्या वैशिष्ट्याचा निदर्शक असे. ही संख्या दुरुस्तीच्या पुस्तकातील तक्त्यावरून जुळवावी लागे, त्यामुळे ज्याच्याकडे यंत्र होते पण पुस्तक नव्हते, त्याचे काम अर्ध्यावर अडे. स्कॅनर आणि त्याला आधार देणारी माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा महाग पडू शकते, ही गोष्ट जर्मन गाड्यांच्या कारागिरांना तेव्हाच कळून चुकली होती.

यंत्र आणि युनिट यांच्यातील संभाषण के-लाइन नावाच्या एकाच तारेवरून चाले. स्कॅनर प्रथम युनिटचा पत्ता सेकंदाला फक्त पाच बिट इतक्या संथ गतीने पाठवी, त्यामुळे सुरुवातीच्या व शेवटच्या बिटांसह दहा बिटांचा हा पत्ता पोचायला दोन सेकंद लागत. त्यानंतर युनिट जागे होई आणि पुढचे बोलणे सेकंदाला सुमारे दहा हजार बिटांच्या गतीने होई. जुन्या फोक्सवॅगन, ऑडी किंवा स्कोडा गाड्यांत पत्ता दिल्यावर यंत्र क्षणभर अडकल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे. ही रचना विद्युतदृष्ट्या इतकी साधी होती, की थोडक्या भागांची एक केबल बनवून घरगुती संगणकाच्या सिरियल पोर्टला ती जोडता येत असे. या साधेपणातून पुढे काय घडले ते लवकरच दिसेल.

दरम्यान कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाने पुन्हा एकदा दिशा बदलली. १९८८ पासूनच्या गाड्यांना आपल्या प्रदूषण-नियंत्रक भागांवर स्वतः लक्ष ठेवण्याची पहिली सक्ती झाली, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला ओबीडी-२ ही प्रमाणित व्यवस्था अनिवार्य झाली. ती म्हणजे चालकाच्या आसनापासून हाताच्या अंतरावर १६ पिनांची एकच जोडणी, ठरलेल्या भाषा आणि ठरलेले कोड. युरोपात १९९८ च्या निर्देशानुसार २००० पासून नव्या पेट्रोल गाड्यांना व त्यानंतर काही वर्षांत डिझेल गाड्यांना हीच व्यवस्था लागू झाली. भारतात भारत स्टेज ४ मानकांबरोबर २०१० मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ मध्ये दुसरा टप्पा आला.

या प्रमाणीकरणाची मर्यादा मात्र नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण स्कॅनर निवडताना होणाऱ्या बहुतेक फसगती तिथूनच सुरू होतात. कायद्याला फक्त धुराशी कर्तव्य होते. त्यामुळे सर्वांना खुले झाले ते इंजिन आणि त्याच्या धुराशी संबंधित गिअरबॉक्स इतक्यापुरतेच; ब्रेक, एअरबॅग, दिवे, दरवाजे, एसी या सगळ्यांची भाषा कारखान्याची खासगी मालमत्ता राहिली. इंजिनाच्या बाबतीतही दोन वह्या चालू राहिल्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा प्रमाणित कोड पी०४२० आहे, पण फोक्सवॅगनच्या स्वतःच्या यंत्रात त्याच दोषाचा क्रमांक १६८०४ असा दिसे, कारण समूहाने प्रमाणित कोडांना १६३८४ पासून पुढचे आकडे नेमून दिले होते. १६३८४ मध्ये ४२० मिळवले की १६८०४ होतात. पी०३००, म्हणजे सिलिंडरमधील जळण चुकणे, त्याचप्रमाणे १६६८४ या क्रमांकाने येतो. साध्या ओबीडी यंत्राला पहिला कोड दिसतो, कारखान्याच्या यंत्राला दुसरा, आणि दुसऱ्याबरोबर सविस्तर मापांचे तक्तेही मिळतात. बाजारात स्वस्तात मिळणारा कोड-रीडर जर्मन गाडीला लावला तर तो खोटे सांगत नाही, पण गाडीत तीस-चाळीस युनिटे असताना त्याला त्यांतली एक-दोनच ऐकू येतात.

के-लाइनच्या साधेपणाचे फळ २००० च्या सुमारास दिसले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रॉस-टेक या छोट्या कंपनीने व्हीएजी-कॉम हे सॉफ्टवेअर बाजारात आणले, ज्याने साध्या संगणकावर व्हीएजी १५५१ ची जवळजवळ सर्व कामे करता येऊ लागली. पत्ते तेच, कार्याचे क्रमांक तेच, शिवाय कोडिंगच्या संख्यांचे अर्थ सांगणाऱ्या सूचनाही पडद्यावर मिळत. पुढे व्हीसीडीएस या नावाने ते ओळखले गेले. स्वतंत्र गॅरेजांच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व कोणत्याही महागड्या यंत्राहून मोठे मानले पाहिजे, कारण कारखान्याच्या तोडीचे निदान आणि कोडिंग सामान्य कारागिराच्या आवाक्यात आले ते इथे. महाराष्ट्रालाही त्याचा थेट उपयोग झाला. औरंगाबादजवळ शेंद्रा येथे २००१ पासून जुळवली जाणारी स्कोडा ऑक्टाव्हिया ही फोक्सवॅगन गोल्फच्याच पायावर उभी असल्यामुळे तिची युनिटे त्याच पत्त्यांनी वाचता येत.

बीएमडब्ल्यूची कथा वेगळ्या वळणाची आहे. कंपनीच्या अभियंत्यांसाठी असलेली एडियाबास ही संभाषण-व्यवस्था, तिच्यावर चालणारे इन्पा हे तपासणीचे सॉफ्टवेअर आणि एनसीएस एक्स्पर्ट हे कोडिंगचे सॉफ्टवेअर अनधिकृत मार्गांनी जगभरच्या गॅरेजांत पोचले. बीएमडब्ल्यूत कोडिंगची पद्धतही निराळी होती. प्रत्येक युनिटमध्ये संख्या भरण्याऐवजी गाडीतच तिचे कारखान्याला दिलेले मूळ मागणीपत्रक जपलेले असते आणि त्यात प्रत्येक सोयीला तीन आकडी क्रमांक असतो: ५२१ पावसाचा सेन्सर, ५२२ झेनॉन दिवे, ६०९ मोठी नॅव्हिगेशन यंत्रणा. गाडीला नंतर झेनॉन दिवे बसवले तर या यादीत ५२२ जोडायचा आणि मग दिव्यांच्या युनिटला त्या यादीप्रमाणे नव्याने कोड करायचे. ही पद्धत अधिक सुसंगत आहे, कारण तिच्यात गाडीचे एकच अधिकृत वर्णन असते आणि सर्व युनिटे त्याच्याशी जुळवली जातात.

याच वर्षांत गाडीतील तारांचे जाळे बदलत होते. बॉशने १९८३ मध्ये विकसित करायला घेतलेली व १९८६ मध्ये जाहीर केलेली कॅन ही पद्धत, जिच्यात सर्व युनिटे दोन तारांच्या एकाच मार्गावरून परस्परांशी बोलतात, १९९१ च्या मर्सिडीज एस-वर्गात उत्पादनात आली आणि पुढे निदानासाठीही तीच वापरली जाऊ लागली. अमेरिकेत २००८ पासून ओबीडीसाठी ती सक्तीची झाली. तिच्यासाठी साधी केबल पुरत नसे, त्यामुळे स्वस्त साधनांची एक अख्खी पिढी निरुपयोगी ठरली. कोडिंगही लांबले. पाच आकड्यांच्या जागी अनेक बाइटांची मालिका आली, जिच्यातील एकेक बिट एखादी सोय चालू किंवा बंद करतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीला मागे ट्रेलरची जोडणी बसवायची, तर तिचे ६९ या पत्त्याचे युनिट १९ या पत्त्यावरील गेटवेच्या, म्हणजे सर्व युनिटांना परस्परांशी जोडणाऱ्या मध्यवर्ती युनिटच्या, यादीत नोंदवल्याशिवाय उरलेली गाडी त्या युनिटची दखलच घेत नाही.

कारखान्यांनी दारे लावून घ्यायला सुरुवात केली ती चोरीच्या कारणाने, आणि ते कारण खरे होते. युरोपात १९९५ च्या निर्देशाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. त्यानंतर फोक्सवॅगन समूहाने घटक-संरक्षण आणले, ज्यात एका गाडीतून काढलेले युनिट दुसऱ्या गाडीत तोवर पूर्ण काम करत नाही, जोवर समूहाचा सर्व्हर त्याला मान्यता देत नाही. मर्सिडीजने कोडिंगची संख्या सर्व्हरवरून मागवण्याची पद्धत घेतली. आठव्या पिढीच्या गोल्फपासून फोक्सवॅगनने एसएफडी ही व्यवस्था आणली, जिच्यात कोडिंग बदलण्यासाठी प्रत्येक वेळी सर्व्हरकडून ठरावीक मुदतीची परवानगी घ्यावी लागते. नव्या गाड्यांत सॉफ्टवेअरचा आकार वाढल्यामुळे त्याच १६ पिनांच्या जोडणीतून इथरनेटवर संभाषण होऊ लागले, आणि बीएमडब्ल्यूने ते २००८ पासूनच्या एफ-मालिकेत सर्वांत आधी रुळवले.

कायदा या बंदिस्तीच्या मागोमाग धावत राहिला. युरोपीय संघाने २००२ मध्ये स्पर्धाविषयक नियमांतून आणि २००७ मध्ये धुराच्या मानकांना जोडलेल्या नियमांतून दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देण्याचे बंधन घातले, आणि युनिटांचे प्रोग्रॅमिंग प्रमाणित मध्यस्थ उपकरणातून शक्य असावे, असेही ठरवले. या उपकरणांना पास-थ्रू म्हणतात. त्यांच्यामुळे गॅरेजवाल्याला कारखान्याचे सॉफ्टवेअर तासाच्या किंवा दिवसाच्या दराने घेऊन दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर चालवता येते. भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय देताना सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला व सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या यादीत फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज-बेंझ होत्या, म्हणजे पुणे, चाकण व औरंगाबाद येथे गाड्या बनवणारे कारखानेही होते. पुढे अपिले झाली. युरोपीय न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी जर्मनीतील दोन दुरुस्ती साखळ्यांच्या दाव्यात असे स्पष्ट केले, की कायद्यात नसलेल्या अटी लादून कारखाना निदानाचे दार अडवू शकत नाही. सुरक्षेचे कारण कितीही खरे असले तरी ते स्पर्धा मारण्याचे हत्यार होऊ नये, ही न्यायालयाची भूमिका रास्त म्हटली पाहिजे.

या इतिहासाच्या उजेडात निवडीचा प्रश्न बराचसा सुटतो. १९९६ पूर्वीच्या जर्मन गाडीला कारखान्याच्या जोडणीचा अडॅप्टर आणि त्या काळचे दुरुस्तीचे पुस्तक लागते. त्यांच्याशिवाय नवा महागडा टॅब्लेट काही कामाचा नाही. १९९६ ते सुमारे २०१८ पर्यंतच्या गाड्यांसाठी एकाच समूहापुरते पण खोलवर जाणारे साधन, म्हणजे फोक्सवॅगन, ऑडी व स्कोडासाठी व्हीसीडीएस आणि बीएमडब्ल्यूसाठी कंपनीचेच इस्टा हे सॉफ्टवेअर, हे दहा कंपन्यांच्या गाड्या वरवर वाचणाऱ्या यंत्राहून अधिक उपयोगी पडते. ज्या गॅरेजात सगळ्या बनावटीच्या गाड्या येतात तिथे बॉश, ऑटेल किंवा लाँच यांचे बहुउद्देशी यंत्र पहिल्या तपासणीसाठी ठेवावे, पण कोडिंगसाठी त्याच्यावर विसंबू नये. या साधनांच्या नकली प्रतींनी कोडिंग करणे तर टाळलेच पाहिजे, कारण लिहिताना संभाषण तुटले तर युनिट कायमचे निकामी होऊ शकते. प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीचा दाब खाली गेला तरी तीच गत होते, म्हणून स्थिर दाब देणारा चार्जर स्कॅनरइतकाच आवश्यक मानावा. आणि २०२० नंतरच्या गाड्यांचे काम ज्याला करायचे आहे, त्याने आधी कारखान्याच्या सर्व्हरवरील सशुल्क खात्याची तजवीज करावी व मग त्या खात्याशी जुळणारे उपकरण घ्यावे, कारण अशा अनेक गाड्यांचे कोडिंग त्या खात्याशिवाय कोणत्याही किमतीच्या स्कॅनरने रीतसर होत नाही.